डबलतात्यांची आठ मिनिटं

डबलतात्यांनी आयुष्यात एकही इंग्रजी शब्द त्याच्या मूळ मालकाच्या अर्थानं वापरला नाही. उचलला की तो त्यांचा. खाकी सदरा, खांद्याला चामडी पिशवी, कानावर पेन आणि तोंडात कुठून कुठून गोळा केलेले शब्द, असे हे इंदापूर-बारामती गाडीचे कंडक्टर. गाडी सोडायची घंटा दोनदा वाजते, तिला एसटीत डबल म्हणतात, हे गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक. पण तात्यांची डबल गाडीतून उतरून गावभर हिंडायची. कुणी नापास झालं की, "डबल मार, फुडं चल." कुणाचं जमत आलेलं लग्न मोडलं की, "डबल!" एखादं म्हातारं माणूस गेलं तरी तात्या टोपी काढून हळूच सांगायचे, "आबा काल डबल झालं." त्यात चेष्टा नसायची. गाडी पुढं गेली, एवढंच त्यांना म्हणायचं असायचं. म्हणून ते डबलतात्या. खरं नाव त्यांच्या छातीवरच्या बिल्ल्यावरही नव्हतं, तिथं नुसता नंबर होता.

बायको रुसली की तात्या सांगायचे, "घरी ब्रेकडाऊन हाय." सोयरीक ठरलेली पोरगी 'रिझर्व'. एकदा सांगून कळणाऱ्या माणसाचा 'पिकअप' चांगला. सोमवारी आम्ही कॉलेजची पोरं गाडीत चढलो की तात्या पास बघायच्या आधी विचारायचे, "काय रं, नवीन स्टॉक?" मग आम्ही कॉलेजात ऐकलेला एखादा ताजा शब्द द्यायचा. एकदा मी 'हायफाय' दिला. तात्यांनी तो दोन स्टॉप तोंडात घोळवला आणि मागच्या चाकावरच्या बाकाला लावून टाकला, कारण तिथं बसणारा माणूस प्रत्येक खड्ड्याला हातभर वर उडायचा. "मावशी, फुडं जागा न्हाय, हायफायवर बसा." महिन्याभरात बाजारला निघालेल्या बायकाच म्हणायला लागल्या, "नगं बया हायफाय, कंबर धरती."

मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, तेही इंग्रजी घेऊन. आमचं घर इंदापूर तालुक्यात, रस्त्याला लागून. रानात भाजीपाला आणि थोडी डाळिंबं. घरातला पहिला कॉलेजवाला मीच, त्यामुळं माझी मान किती ताठ होती ते विचारू नका. मला तात्यांच्या शब्दांची लाज वाटायची. एकदा भर गाडीत, चार शहरी पोरांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "तात्या, ब्रेकडाऊनचा अर्थ तो नाही." तात्या चिडले नाहीत. एका म्हाताऱ्याचं तिकीट फाडत म्हणाले, "शब्द पॅशिंजरासारखा असतोय बाळा. चढला कुठं ते तुला ठावं. उतरंल कुठं ते त्याचं त्यो बघंल." सगळी गाडी हसली. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

परवा माझी मुलगी मोबाइलवर कोरियन मालिका बघत होती. ती सांगायला लागली की तिकडं इंटरनेटवर पोरं एकमेकांना 'फायटिंग' म्हणतात, पण त्याचा भांडणाशी काही संबंध नाही. त्याचा अर्थ, हिंमत धर, हो पुढं. आणि 'सर्व्हिस' म्हणजे म्हणे हॉटेलवाल्यानं वर फुकट दिलेलं काहीतरी. "बाबा, इंग्रज चक्रावतील ना हे ऐकून?" मी म्हटलं, "अगं, ही तर आमच्या तात्यांची डबल!" आणि तिला तात्यांच्या सगळ्या गमती सांगितल्या. पोट धरधरून हसली पोरगी. मग म्हणाली, "त्यांचं पुढं काय झालं?" मी म्हणालो, "बदली झाली," आणि चहा टाकायला उठलो. बदली झाली हे खरंच आहे. ती माझ्यामुळं झाली, हे पोटच्या पोरीला सांगायला माझी जीभ रेटली नाही. म्हणून हे लिहायला बसलोय.

आमच्या रस्त्यावर कॅनॉलची एक मोरी आहे. शेजारी भलामोठा लिंब, म्हणून ती लिंबाची मोरी. तिथं थांबा नव्हता. पाटी नाही, शेड नाही, काही नाही. आत, शेतांच्या पलीकडं, पाच-सहा घरांची वस्ती. पूर्वी मेंढरं घेऊन मुलुख हिंडणारी ही माणसं आता दुसऱ्यांच्या उसात आणि भाजीत कामाला जायची, घरटी चार-दोन शेळ्या राखायची. त्या वस्तीवरची मंगल आमच्याच कॉलेजात बारावीला होती आणि तिची चुलत बहीण अलका बारामतीतच शाळेत, आठवीला. खरा थांबा फाट्यावर, चांगल्या तासाभराच्या वाटेवर, आणि वाटेला दोन्हीकडून डोक्याच्या वर ऊस. मंगलचे वडील नव्हते. चुलत्यानं एकदाच सांगून टाकलं होतं, "गाडी मोरीवर थांबत असंल तर जावा. उसातनं पोरी धाडायच्या न्हाईत मला." मंगलला बारावी करून डी.एड.ला जायचं होतं. शाळेत बाई व्हायचं होतं तिला.

तात्या मोरीवर गाडी थांबवायचे. नुसती थांबवायचे नाहीत, वाट बघायचे. शेळ्यांच्या धारा काढून, भाकरी बांधून पोरी निघायच्या, त्या बांधावरून चपला हातात घेऊन पळत येताना दिसायच्या. तेवढ्या वेळात ड्रायव्हर बॉनेट उघडायचा आणि तात्या कॅन घेऊन रेडिएटरमध्ये पाणी ओतायचं नाटक करायचे. ऐन हिवाळ्यात रोज सकाळी इंजिन तापणारी अख्ख्या जिल्ह्यातली ती एकच गाडी असावी. कुणी कुरकुरलं तर तात्या खालूनच ओरडायचे, "दोन पोरी शाळंला निघाल्यात. आठ मिन्टात तुमचा काय ऊस वाळतोय व्हय?" रोज बरोबर आठ मिनिटं जायची. बारामतीला पोचल्यावर फेरीच्या कागदावर उशिराचं कारण लिहावं लागे. तात्या लिहायचे, 'शेळ्या आडव्या'. मी पुढच्याच बाकावर बसायचो, म्हणून एकदा त्यांनी तो कागद मला दाखवला. डोळे मिचकावून म्हणाले, "खोटं न्हाय त्यात. शेळ्यांमुळंच उशीर. धार काढल्याबिगर पोरींना सोडतंय कोण? पर तुझ्यातच ठिव हे."

माझ्यातच ठेवायला सांगितलं होतं त्यांनी. हे मी मुद्दाम वेगळं लिहितोय.

मोरीपासून बारामतीपर्यंत तात्या मंगलला शब्द विचारायचे. "मंगे, पिकअपचं स्पेलिंग?" ती उभ्या उभ्या, दांड्याला धरून, हिसका बसला तरी न अडखळता सांगायची. तात्यांची छाती फुगायची. "हिचा पिकअप बघा. उद्या ही बाई हुनार. मग माझी समदी डिक्शनरी पोरास्नी ही शिकवंल." मंगल लाजायची आणि माझ्याकडं बघून म्हणायची, "दादा, तात्यांचं बरोबर का तुमच्या सरांचं?" मी म्हणायचो, "परीक्षेत सरांचं लिही." ती मान डोलवायची. मला ती दादा म्हणायची, हेही लिहिलं पाहिजे.

दिवाळीनंतर एक दिवस तात्या माझ्या शेजारी येऊन टेकले. ते ड्युटीवर कधी बसत नसत. "हे किती दीस चालंल रं? उद्या माझी ड्युटी बदलली तर दुसरा गडी हितनं सुसाट जाईल. रीतसर थांबा पायजे. त्याला वस्तीचा अर्ज लागतोय, नीट लिवलेला. मी नोकरीतला, मला लिवता येत न्हाय. वस्तीवाले अंगठं देतील. तू लिव. तुझा हात चांगला हाय." मला कोण आनंद झाला! मी म्हणालो, "तात्या, आठ दिवसांत देतो." त्या सोमवारी त्यांनी विचारलं, "अर्ज?" मी म्हणालो, "ड्राफ्ट चालू आहे." पुढच्या सोमवारी, "ड्राफ्ट चालू आहे." त्याच्या पुढच्याही. खरं तर वहीच्या पानावर 'माननीय महोदय' एवढंच लिहून झालं होतं.

मग तात्या तो शब्द वापरायला लागले. कुणी विचारलं, तात्या, तुमच्या गावाकडचा पूल झाला का, तर म्हणायचे, "ड्राफ्ट चालू हाय." पोराचं लग्न? "ड्राफ्ट चालू हाय." जे कधीच होणार नाही ते सगळं ड्राफ्टमध्ये गेलं. गाडी हसायची, मीही हसायचो. हा टोमणा मला होता, हे कळायला मला फार वेळ लागला. एवढा इंग्रजीचा पंडित मी!

आता फिशपाँडकडं येतो. मराठी कॉलेजात शिकलेल्याला फिशपाँड म्हणजे काय ते सांगायला नको. इंग्रजाला मात्र सांगावं लागेल, कारण त्याच्या फिशपाँडात बिचारे मासे असतात. आपल्याकडं चिठ्ठ्या असतात. गॅदरिंगच्या आधी एक खोकं ठेवतात. कुणावर तरी चावरी ओळ लिहायची आणि त्यात टाकायची. खाली नाव घालायचं नाही. गॅदरिंगच्या दिवशी त्या माइकवर वाचतात. ज्याच्यावर फिशपाँड पडला त्यानं उठून उभं राहायचं आणि हसायचं. रडवेला झाला तर पुढच्या वर्षी आणखी चार पडतात.

आदल्या वर्षी माझ्यावर पडला होता: 'अंगाला मेथीचा वास, त्यात इंग्रजीची आस'. मी उभा राहून हसलो होतो, आणि घरी जाऊन मेथीच्या जुड्या बांधताना आईवर खेकसलो होतो. हॉस्टेलची पोरं आम्हाला अप-डाऊनवाले म्हणायची. त्यांच्या कट्ट्यावर मला जागा हवी होती हो, दुसरं काही नाही. या वर्षी असा फिशपाँड टाकायचा की सगळे विचारतील, कुणाचा रे हा. कॅन्टीनच्या मागं बसून मी दहा मिनिटांत लिहिला. वर लिहिलं, 'लिंबाच्या मोरीवर खोटं इंजिन तापवणाऱ्या डबलतात्यांना', आणि खाली:

रोज आठ मिनिटं लेट, म्हणे शेळ्या आडव्या,
तात्यांच्या गाडीत शेळ्याही पासवर चढाव्या!

तात्यांना गॅदरिंगला मीच बोलावलं होतं. सुट्टीच्या वारी, खाकीऐवजी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले. बरोबर मंगल आणि अलका. मांडवात शिरताना मला म्हणाले, "फिशपाँड हाय म्हणं. मासं कुठं ठिवलेत?" मी हसून म्हणालो, "कळेल तुम्हाला." तेव्हासुद्धा मला जाऊन ती चिठ्ठी काढून घेता आली असती. खोकं स्टेजजवळच होतं.

वाचला तेव्हा मांडव कोसळला. अप-डाऊनवाले तर खुर्च्यांवर उभे राहिले. तात्या उठले, चारी दिशांना हात जोडले आणि हसले, अगदी पद्धत असते तसे. मग मागून कुणीतरी "बेंऽऽ" केलं. मग दुसऱ्यानं, मग ओळीच्या ओळीनं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की शेळ्या म्हणजे कोण, ते सगळ्यांना कळलंय. मंगल मान खाली घालून बसली होती. अलका उठून इकडंतिकडं बघत हसत होती, तिला वाटत होतं काहीतरी गंमत चाललीय. मंगलनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं. माझ्या शेजारचा हॉस्टेलचा पोरगा म्हणाला, "कुणी टाकलाय रे? डेंजर आहे!" आणि मी, देवाशपथ सांगतो, शर्टाची कॉलर वर केली.

आमच्या दोन ओळी पुढं एसटीतले एक साहेब बसले होते. त्यांची मुलगी आमच्या वर्गात होती. तेही डोळ्यांतलं पाणी पुसेपर्यंत हसले. मग शेजारच्याकडं वळून त्यांनी विचारलं, "कुठली गाडी म्हणाले?" हे मी ऐकलं. माझ्या हातातली कॉलर तशीच राहिली.

पुढच्या आठवड्यात लिंबाखाली जीप उभी होती. तात्या कॅन घेऊन खाली उतरले आणि तपासनीस समोर आले. साहेबांची चूक मी काढत नाही, कागदावरचं कारण खोटं होतं आणि थांबा नव्हता, त्यांनी त्यांचं काम केलं. पोरी बांधावरून पळत आल्या, तात्यांनी त्यांना गाडीत चढवलं, आणि मगच तपासनीसांच्या कागदावर सही केली. पंधरवड्यात त्यांची बदली झाली, पार घाटापलीकडं. नवा कंडक्टर मोरीवर थांबला नाही. का थांबेल? मंगल चार दिवस फाट्यापर्यंत चालत आली. कॉलेजच्या फाटकात पोरं तिला बघून "बेंऽऽ" करायची. पाचव्या दिवसापासून ती दिसली नाही. बारावीच्या परीक्षेला दोन महिने राहिले होते. दोनच महिने.

तात्या निघाले त्या दिवशी मी बारामतीच्या स्टँडवर गेलो. पत्र्याची ट्रंक पायाशी घेऊन ते बाकावर बसले होते. काय बोलायचं ते मी रस्ताभर घोकलं होतं.

"ये. नवीन स्टॉक?" तात्या म्हणाले.

मी मान हलवली.

"जमलं व्हतं बरं का," ते म्हणाले. "आडव्याला चढाव्या. झ्याक बसलं."

माझ्या कानशिलात मारली असती तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "तात्या, तुम्हाला कसं..."

"आरं, त्यो कागद मी दाखवला किती जणास्नी?" ते सावकाश म्हणाले. आवाजात राग नव्हता. मी तो शोधत होतो. "किती येळ लागला रं लिवायला?"

"दहा मिनिटं."

"आन् अर्ज?"

त्यांच्या गाडीनं हॉर्न दिला. तात्यांनी ट्रंक उचलली, मी हात पुढं केला तर म्हणाले, "राहू दे. माझं वझं मी नेतो." पायरीवर चढून परत वळले. "माझं डबल झालं रं. माझं काय, हिकडं न्हाय तर तिकडं घंटा वाजवायची. त्या पोरीचं बघ. एवढं बघ."

त्या रात्री नव्हे, त्याच दुपारी, स्टँडवरच्याच बाकावर बसून मी अर्ज लिहिला. पाऊण तास लागला. चांगला झाला होता. दुसऱ्या दिवशी मोरीवर उतरायला गाडी थांबेना, म्हणून फाट्यावर उतरलो आणि त्या उसाच्या वाटेनं चालत वस्तीवर गेलो. तास लागला. एवढ्या ताठ मानेचा गडी मी, पण उसात सळसळ झाली की दचकून मागं बघत होतो. मंगलचा चुलता शेळ्यांना पाला टाकत होता. मी अर्ज पुढं केला, म्हणालो, यावर अंगठे द्या, मी स्वतः नेऊन देतो.

"थांबा कुणासाठी आता?" तो म्हणाला. "अलकीला मी घरीच ठिवलीय. आन् मंगल रिझर्व झाली."

तात्यांचाच शब्द. वस्तीपर्यंत पोचला होता. मंगल दारात उभी होती, हातात परात. मी तिच्याकडं बघून म्हणालो, "मंगल, परीक्षा तरी दे. फॉर्म भरलेला आहे." ती म्हणाली, "बघू, दादा. ड्राफ्ट चालू हाय." आणि आत गेली. माझा चहा घेऊन अलका आली. मी तो प्यायलोही. नाही म्हणायचंही धैर्य झालं नाही.

तो अर्ज मी अंगठ्यांशिवाय परत आणला. नंतर तात्यांना पत्र लिहायला कितीदा बसलो, आणि दर वेळी 'तीर्थरूप तात्यांस'च्या पुढं पेन सरकलं नाही. काही वर्षांनी कळलं, तात्या तिकडंच नोकरीत असताना गेले. ज्यानं सांगितलं तो म्हणाला, "डबल झाले." इंग्रजीचा प्राध्यापक झालो होतो मी तोवर. मला दुसरा शब्द सुचवावासा वाटला नाही.

त्या गॅदरिंगला दहा वर्षं होत आली तेव्हा एकदा त्याच रस्त्यानं बारामतीला चाललो होतो. कंडक्टर नवा, पोरसवदा, मिसरूड फुटलेलं. लिंबाच्या मोरीवर एक बाई हात करत उभी होती, काखेत लेकरू. गाडी थांबली नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबवा की हो."

"हितं स्टॉप न्हाय, साहेब," तो म्हणाला. "पूर्वी एक तात्या थांबवायचे म्हणं. त्यास्नी फिशपाँड पडला."

मी विचारलं, "फिशपाँड म्हणजे?"

त्यानं माझ्याकडं जरा कीव केल्यासारखं बघितलं. "तुमाला ठावं न्हाय व्हय? आमच्या डेपोत समदी म्हनत्यात. आपल्यातल्याच माणसानं हसत हसत आपली जागा घालवली, की म्हणायचं, फिशपाँड पडला."

मागं वळून बघितलं. बाई अजून हात वर करूनच उभी होती. मंगल असेल का, ते लांबून कळलं नाही.

"कुणी टाकला होता त्यांच्यावर?" मी विचारलं. का विचारलं, देव जाणे.

"कोण सांगणार?" तो पुढच्या माणसाचं तिकीट फाडत म्हणाला. "त्यात नाव घालायची पद्धत नसती म्हणं."

"नसते," मी म्हणालो, आणि खिडकीकडं तोंड करून बसलो.